डोंगरांच्या आडोशाला बोट नांगरताना: धरणाच्या फुगवट्यात नांगर टाकण्याची पूर्ण पद्धत

येलदरीचं धरण असो, इसापूरचं असो की बालाघाटाच्या डोंगरातला एखादा मध्यम प्रकल्प, फुगवट्याचं, म्हणजे भिंतीमागे साठून पसरलेलं, पाणी नाल्यांतून आत शिरतं आणि डोंगरांच्या मधे शांत खोबणी तयार होतात. तिथे बोट लावताना बहुतेक जण एकसारखंच वागतात. खोबणीच्या मध्यावर जायचं, नांगर उचलून पाण्यात भिरकावायचा, दोर जरा ताणल्यासारखा वाटला की इंजिन बंद करून डबे उघडायचे. वारा पडलेला असेपर्यंत काही बिघडत नाही. संध्याकाळी वारा फिरला की बोट हळूहळू सरकायला लागते आणि खडकाला टेकल्यावरच कळतं की नांगर धरलेलाच नव्हता, नुसता तळाशी पडून होता.

डोंगराचा आडोसा लाटांपासून वाचवतो. नांगर धरण्याचं काम तो करत नाही. ते तळावर, दोराच्या लांबीवर आणि आपण केलेल्या तपासणीवर अवलंबून असतं. खालची पद्धत साधारण १८ ते २५ फुटी मोटारबोट किंवा शिडाच्या बोटीसाठी आहे. नाथसागरासारख्या उघड्या, पसरट पाण्याला ती जशीच्या तशी लावू नका. तिथे वाऱ्याला अडवायला काहीच नसतं आणि लाटा लांबवरून वाढत येतात. शिवाय नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन विभागाच्या परवानगीचाही प्रश्न येतो.

## टप्पा १: घरून निघण्याआधी

परवानगी आधी. धरण जलसंपदा विभागाचं असतं. बोट कुठे चालवता येते आणि कुठे नाही, हे त्या प्रकल्पाच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. भिंत, सांडवा, दरवाजे आणि वीजगृहाच्या पाण्याची वाट यांच्या जवळपास नांगर टाकायचा नाही, परवानगी असली तरी नाही. बोटीला इंजिन असेल तर अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे नोंदणी आणि कागदपत्रं बघा.

मग सामान. नांगराचा प्रकार तळावरून ठरतो. आपल्याकडे धरणाच्या तळाशी बहुतेक ठिकाणी काळी माती आणि तिच्यावर गाळाचा थर असतो. त्यात रुंद पात्यांचा डॅनफोर्थ किंवा फाळासारखा रुतणारा नांगर चांगला धरतो. चार काट्यांचा घडीचा ग्रॅपनेल हलका आणि स्वस्त, म्हणून लोक तोच घेतात. गाळात तो लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकतो आणि बुडालेल्या झुडपात मात्र असा अडकतो की निघत नाही. मासे धरायला तासभर थांबायचं असेल तर ठीक, रात्रीसाठी त्याच्यावर भरवसा नको. या मापाच्या बोटीला ५ ते ८ किलोचा नांगर लागतो.

नांगराला थेट दोर बांधू नका. मधे ४ ते ६ मीटर साखळी हवी, ८ मिलिमीटरची. साखळीच्या वजनाने नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो आणि पाती मातीत शिरतात. खडकावर घासून दोर तुटत नाही, हा दुसरा फायदा. साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन पक्कडने घट्ट करा आणि तारेने बांधून टाका, नाहीतर हेलकाव्यांनी ती आपोआप सुटते.

दोर १२ मिलिमीटरचा नायलॉनचा घ्या, निदान ६० मीटर. नायलॉन ताणला जातो आणि झटका पचवतो. कृषी सेवा केंद्रात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर कासऱ्याला चांगला, नांगराला नाही. तो पाण्यावर तरंगतो आणि पंख्यात गुंततो, शिवाय उन्हाने कडक होऊन तुटतो. दोरावर दर ५ मीटरला रंगीत कापडाची पट्टी शिवून घ्या. किती दोर सोडला याचा अंदाज डोळ्यांनी कधीच बरोबर येत नाही.

बोटीच्या कडेवर दोर घासतो त्या जागी ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी लांबीत चिरून चढवा. शेतकऱ्याच्या घरी ती पडलेलीच असते आणि १२ मिलिमीटरच्या दोरावर छान बसते.

तपासणी: दोराचं शेवटचं टोक बोटीला बांधलंय का? नांगर, साखळी आणि पूर्ण दोर डोळ्यांदेखत पाण्यात गेल्याच्या घटना याच एका कारणाने होतात. बोटीवरच्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का? अंगात म्हणतोय, बाकाखाली नाही.

## टप्पा २: खोबण निवडणं

समुद्रावरच्या माणसाला मिळत नाही अशी एक सोय धरणावर मिळते. मे महिन्यात पाणी उतरलं की तळ उघडा पडतो. ज्या खोबणीत पावसाळ्यानंतर बोट लावायची आहे तिथे उन्हाळ्यात एकदा पायी फिरून या. काळी माती कुठे, मुरूम कुठे, खडकाचा पाट कुठे, वेड्या बाभळीची खोडं कुठे, जुन्या शेताचे दगडी बांध आणि विहिरी कुठे, हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. मोबाइलवर फोटो काढा आणि नकाशावर जागा टाकून ठेवा. एवढ्या एका फेरीने निम्मं काम होतं, आणि तरीही ती फेरी फार कमी लोक करतात.

ते जमलं नसेल तर तिथल्या मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना विचारा. त्यांची जाळी रोज त्याच तळावर घासत असतात. "मामा, इथं बुडाला काय हाये?" एवढं विचारलं की, "तिथं नका टाकू, खाली बाभळी हायेत, जरा अल्याड या, गाळ हाये," असं नेमकं उत्तर मिळतं. त्यांची जाळी कुठे लावली आहेत हेही तेव्हाच विचारून घ्या. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या एका रांगेत तरंगताना दिसल्या की त्या रेषेपासून लांब राहा. नांगराने फाटलेलं जाळं म्हणजे कुणाच्या तरी घरचा पुढच्या काही आठवड्यांचा बाजार.

वाऱ्याकडे आता नीट बघा, कारण डोंगरांमधला वारा फसवा असतो. बाहेर एका दिशेने वाहणारा वारा कड्यावरून खाली उतरताना वळतो आणि खोबणीत कधी डावीकडून, कधी उजवीकडून झोत येतात. दोन टेकड्यांमधल्या खिंडीसमोर किंवा नाल्याच्या तोंडाशी तर वारा चेपून जोरात येतो. पाण्यावर नजर ठेवून दहा मिनिटं थांबा. ज्या जागी काळसर सुरकुत्या पुन्हा पुन्हा उठतात ती जागा टाळा.

रात्रीचं गणित वेगळं असतं. दिवस मावळला की उतारावरची हवा गार होते, जड होते आणि नाल्याच्या वाटेने पाण्याकडे उतरते. मार्गशीर्ष-पौषातल्या निरभ्र रात्री हे हमखास जाणवतं. वारा मोठा नसतो, पण बोटीचं तोंड पूर्ण उलटं फिरवायला पुरेसा असतो. म्हणून बोट चारही बाजूंना फिरणार असं धरूनच जागा निवडायची.

सावधान: काठावरून पाण्यात गेलेले पाइप आणि केबल दिसल्या तर तिथे नांगर नको. शेतकऱ्यांच्या उपशाच्या मोटारी, पाइपाच्या टोकाचे फुटव्हॉल्व्ह (गावाकडे ज्याला 'फुटबॉल' म्हणतात) आणि वीजवाहिन्या फुगवट्यात जागोजाग असतात. केबलला नांगर अडकणं थेट जिवावर बेतू शकतं.

## टप्पा ३: खोली मोजा, मग दोराचा हिशोब करा

सर्वात जास्त चुका इथे होतात.

खोली मोजायला फिशफाइंडर असेल तर उत्तम. नसेल तर दोरीला किलोभराचं वजन बांधा. वजनाच्या बुडाला खळगा असेल तर त्यात कपडे धुण्याचा साबण दाबून बसवा. वजन तळाला टेकवून वर घेतलं की साबणाला तळाचा नमुना चिकटून येतो. काळी चिकट माती आली तर जागा चांगली. मुरमाचे खडे आले तर बेताची. काहीच चिकटलं नाही, साबणावर नुसता ओरखडा उठला, तर खाली खडक आहे. पुढे सरका.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. डोंगरालगतच्या खोबणीत तळ उतरता असतो. काठापाशी २ मीटर आणि बोटीच्या दोन लांब्या पुढे ८ मीटर, असंही होतं. बोट जिथे जिथे फिरू शकते त्या सगळ्या घेराचा अंदाज घ्यायला चार-पाच ठिकाणी वजन टाकायला हवं.

आता दोर. नांगर आडव्या ओढीला धरतो आणि वरच्या ओढीला सुटतो, सगळं यातच आहे. दोर जितका लांब तितकी ओढ आडवी. साखळी आणि दोर मिळून उंचीच्या सातपट लांबी सोडली तर दोराचा तळाशी कोन साधारण ८ अंशांचा राहतो. तिप्पटच सोडली तर तो जवळजवळ २० अंशांवर जातो आणि पाती उचलली जातात.

यातली उंची म्हणजे नुसती पाण्याची खोली नाही. पाण्यापासून बोटीच्या तोंडापर्यंतची उंची त्यात मिळवायची. उदाहरण घ्या. पाणी ४ मीटर, बोटीचं तोंड पाण्यापासून १ मीटर वर. उंची झाली ५ मीटर. सातपट म्हणजे ३५ मीटर. बोटीच्या तोंडाची उंची विसरून हिशोब केला तर दोर २८ मीटरच सुटतो आणि प्रत्यक्षातलं प्रमाण साडेपाचच्या आसपास येतं. उथळ पाण्यात ही विसरलेली १ मीटर उंची फार महाग पडते.

- जेवणापुरतं थांबायचं, बोटीवर माणूस आहे, आभाळ मोकळं: ५ पट चालेल.
- रात्रभर: ७ पट.
- वादळी हवेचा अंदाज: १० पट. खरं तर अशा दिवशी पाण्यावर थांबूच नका.

फिरण्याचा घेरही याच आकड्यांवरून निघतो. ३५ मीटर दोर आणि ६ मीटर लांबीची बोट म्हणजे नांगरापासून ४१ मीटरपर्यंत बोटीचा मागचा भाग पोचू शकतो. त्या वर्तुळात खडक, झाड, जाळं, दुसरी बोट काहीही नको. खोबण तेवढी रुंद नसेल तर दोर कमी करायचा मोह होतो. तो करू नका. जागा बदला किंवा टप्पा ६ मधली पद्धत वापरा.

## टप्पा ४: नांगर टाकण्याचा क्रम

१. बोटीचं तोंड वाऱ्याकडे करा आणि अगदी सावकाश ठरलेल्या जागेवर या. लक्षात घ्या, नांगर पडेल तिथे बोट थांबणार नाही. ती ३५ मीटर मागे जाऊन थांबेल.

२. बोट पूर्ण थांबू द्या. मग नांगर हाताने खाली सोडा. भिरकावलेल्या नांगराभोवती साखळी गुंडाळली जाते आणि तो धरूच शकत नाही. सोडताना दोराच्या वेटोळ्यात कुणाचा पाय नाही ना, हे दोर सोडणाऱ्याने स्वतः बघायचं.

३. नांगर तळाला टेकल्याचं हाताला कळतं, दोर अचानक हलका होतो. आता वाऱ्याने बोट मागे जाऊ द्या, वारा नसेल तर इंजिन रिव्हर्समध्ये अगदी मंद ठेवा. बोट जाईल तसतसा दोर सोडत राहा. सगळा दोर एकदम सोडला तर तळाशी गुंता होतो.

४. उंचीच्या तिप्पट दोर गेला की क्षणभर खुंट्याला एक वेढा देऊन थांबवा. नांगराचं तोंड ओढीच्या दिशेला वळतं. मग उरलेला दोर सोडा आणि पक्का बांधा.

सावधान: नांगराचा दोर बांधायचा तो फक्त बोटीच्या पुढच्या खुंट्याला. मोटार मागे, चालवणारा मागे, म्हणून दोरही मागेच बांधायची सवय धरणावर सर्रास दिसते. मागचा काठ बुटका असतो, त्यात इंजिनचं वजन. वारा वाढला की लाट तिथूनच आत येते आणि छोटी बोट काही मिनिटांत भरते. या लेखातला एकच नियम पाळणार असाल तर हा पाळा.

## टप्पा ५: नांगर धरला का, हे तपासा

गाळाचा मऊ थर जाड असेल तर नांगर टाकल्यावर लगेच जोर लावू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा. नांगर स्वतःच्या वजनाने गाळातून खालच्या घट्ट काळ्या मातीपर्यंत बसतो. काळी माती एकदा धरली की धरते.

मग इंजिन रिव्हर्समध्ये टाका. आधी मंद, मग हळूहळू अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, आणि तिथे अर्धा मिनिट ठेवा. या वेळात दोन तपासण्या एकत्र करायच्या.

पहिली हाताची. पुढे बसलेल्याने ताणलेल्या दोरावर, खुंट्याच्या पुढे, तळवा नुसता टेकवायचा. बोटं दोराभोवती गुंडाळायची नाहीत. नांगर धरला असेल तर दोर ताठ आणि स्थिर लागतो. घसरत असेल तर दोरातून थरथर येते, मधेच सैल पडतो, पुन्हा झटका देतो. खडकावरून घसरताना ती थरथर खरखरीत असते आणि गाळातून घसरताना गुळगुळीत, सलग. एकदा तळव्याला कळली की पुन्हा कधी चुकत नाही.

दुसरी डोळ्यांची. बोटीच्या बरोबर बाजूला, काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. जवळची एक, समजा पाण्याकाठचा खडक, आणि लांबची एक, समजा मागच्या डोंगराची खिंड किंवा टेकडीवरचं देऊळ. रिव्हर्समध्ये जोर असताना या दोन्ही एकमेकींवर तशाच राहिल्या तर बोट जागच्या जागी आहे. जवळची खूण पुढे सरकायला लागली की नांगर चालला आहे. समोरच्या खुणा धरू नका, बोट सरळ मागे गेली तरी त्या एका रेषेतच दिसतात.

धरला नाही तर आणखी ५ मीटर दोर सोडून पुन्हा करून बघा. तरीही नाही तर वर काढा, पात्यांत अडकलेलं गवत किंवा फांदी साफ करा आणि जागा बदलून टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करा. दोन-तीनदा करावं लागणं अगदी नेहमीचं आहे. काठावरचे लोक बघतायत म्हणून घाईने "झालं" म्हणू नका.

तपासणी: दोन्ही खात्र्या होईपर्यंत इंजिन बंद नाही.

## टप्पा ६: उतार तीव्र असेल तर काठाला दुसरा दोर

उतरत्या तळावर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. नांगर चढाच्या दिशेने ओढला तर रुततो, उताराच्या दिशेने ओढला तर सुटतो. म्हणून अरुंद, खोल खोबणीत नांगर खोल बाजूला टाका, बोट मागे मागे काठाकडे आणा, नांगर वरच्यासारखाच तपासा आणि मग मागून एक लांब दोर काठाला बांधा. बोट फिरत नाही, त्यामुळे कमी जागेत काम होतं.

हा दोर मोठ्या, हलत नाही अशा दगडाला किंवा जिवंत झाडाला बांधा. पाण्यात उभ्या वाळलेल्या बाभळीला नाही, तिची मुळं कुजलेली असतात. काठाची जमीन बहुतेक वेळा गाळपेर केलेली, म्हणजे पाणी उतरल्यावर पेरलेली असते. पिकातून दोर ओढू नका आणि मालक दिसला तर विचारून घ्या. काठ आणि बोट यांच्यात पाणी उतरलं तरी तळ लागणार नाही एवढं अंतर ठेवा.

वारा बाजूने जोरात येऊ लागला तर मागचा दोर आधी सोडायचा. आडव्या वाऱ्यात दोन्हीकडून बांधलेल्या बोटीवर फार ताण येतो.

## टप्पा ७: मुक्काम असेल तर

पाण्याची पातळी रात्रीतून बदलते, हे धरणावर नवखा माणूस धरत नाही. भाद्रपदात वरच्या भागात मोठा पाऊस झाला की अरुंद फुगवट्यात पाणी झपाट्याने चढतं. आधीच्या उदाहरणात पाणी दीड मीटर चढलं तर ५ मीटरची उंची साडेसहा होते आणि सातपट असलेला तोच ३५ मीटर दोर साडेपाचच्याही खाली येतो. आवक सुरू असेल तर सुरुवातीलाच दोर जास्त सोडा. उलट रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडतात तेव्हा, पाणी रोज थोडं थोडं उतरतं. बोट काही दिवस ठेवणार असाल तर उथळ टोकाला ठेवू नका, गाळात बसेल.

अंधार पडण्याआधी पांढरा, चारही बाजूंनी दिसणारा दिवा उंचावर लावा. मासेमारी करणारे पहाटे तीन-चारला थर्माकोलच्या तराफ्यावर, दिव्याशिवाय निघतात. तो दिवा त्यांच्या जिवासाठी आहे.

मोबाइलवर नांगराचा अलार्म देणारी ॲप असतात. डोंगरात रेंज नसली तरी जीपीएस चालतं, नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्या. अलार्मचं केंद्र नांगर पडला त्या जागी ठेवा. बोट थांबल्यावर आपण उभे आहोत ती जागा धरली तर वारा फिरल्यावर विनाकारण अलार्म वाजतो, लोक वैतागून बंद करतात आणि खरं घसरण्याच्या वेळी तो बंदच असतो.

सावधान: चैत्र ते ज्येष्ठ, दुपारनंतर. वळवाच्या ढगाआधी गार वाऱ्याचा झोत येतो, समोरच्या काठावर धुळीचा लोट उठलेला दिसतो आणि मग मिनिटांचाच अवधी असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो. हवामान विभागाचा इशारा आणि विजेची सूचना देणारं दामिनी ॲप सकाळीच बघा. मेघगर्जना ऐकू आली तर माणसं काठावर उतरवा, झाडाखाली नाही, जमलं तर पक्क्या इमारतीत. बोट घसरली तर घसरू द्या.

## टप्पा ८: नांगर घसरायला लागला तर

आधी इंजिन सुरू, मग बाकी सगळं. वाऱ्याकडे तोंड करून मंद पुढे चालवत राहिलात तर दोरावरचा ताण कमी होतो आणि विचार करायला वेळ मिळतो. मागे मोकळं पाणी असेल तर दोर आणखी सोडून बघा. मागे खडक जवळ असेल तर त्या फंदात न पडता नांगर उचला आणि मोकळ्या पाण्यात निघा. अगदीच वेळ नसेल तर दोराच्या टोकाला रिकामा कॅन बांधून सगळा सोडून द्या. नांगर नंतर शोधता येतो. धारदार सुरी हाताशी ठेवायची ती याच प्रसंगासाठी.

## टप्पा ९: नांगर उचलणं

बोट हाताने दोरावर ओढत नांगराकडे नेऊ नका, पाठ भरते. इंजिनाने सावकाश पुढे जा, पुढचा माणूस सैल होणारा दोर आत घेईल आणि दोराची दिशा हाताने दाखवेल. दोर उभा झाला की खुंट्याला वेढा द्या आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. काळी माती हळूहळू सोडते. नाही सोडली तर वेढा तसाच ठेवून बोट अगदी मंद पुढे घ्या.

अडकलाच असेल तर पहिल्यांदा टाकला त्याच्या उलट दिशेला वळसा घालून ओढा. खाली झाडं असल्याची शंका असेल तर टाकतानाच नांगराच्या मागच्या कडीला वेगळी बारीक दोरी आणि तिला वर बोया बांधून ठेवा. ही दोरी ओढली की नांगर उलटा निघतो. बाजूने किंवा मागून जोर लावू नका, बोट कलंडते. आणि गढूळ पाण्यात, बुडालेल्या फांद्यांमध्ये सोडवायला कुणालाही बुडी मारू देऊ नका, तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

वर आलेल्या नांगराला आणि साखळीला काळ्या मातीचे लपके चिकटलेले असतात. ते तिथेच पाण्यात खळखळून धुवा. जलपर्णीचा तुकडा साखळीत राहिला तर तो आपल्यासोबत दुसऱ्या धरणात जातो. दोर घरी गेल्यावर सावलीत पसरून वाळवा आणि वाळताना बोटांनी पूर्ण चाचपा. जिथे पीळ उसवला असेल किंवा धागे तुटून केसाळ झाले असतील तिथे कापून नवी जोड करून घ्या.